न आवडलेल्या गावात फोटो शोधताना: रत्नागिरीहून भुसावळला

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रत्नागिरीहून भुसावळला रुजू झाले. बँकेतली बदली, निदान तीन वर्षांसाठी. बाकी सगळं सामान ट्रकमध्ये गेलं, कॅमेऱ्याची बॅग मात्र मी मांडीवर घेऊन आले. नव्या घरात ती कपाटात ठेवली आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तिची चेन उघडली नाही.

रत्नागिरीत मी अकरा वर्षं फोटो काढले होते. भाट्याची खाडी, मिऱ्याचा किनारा, जांभ्याच्या गडग्यावरचं शेवाळ, आषाढात कौलांवरून उठणारी वाफ. भुसावळात मला दिसलं ते असं: उघडे रस्ते, धूळ, पत्र्याची दुकानं, फ्लेक्स, विजेच्या तारांचं जंजाळ आणि सकाळी नऊलाच पांढरं पडलेलं आकाश. दोन-तीनदा फोनवर फोटो काढले, रात्री पाहिले आणि पुसून टाकले. आठवड्यातून एकदा तरी मनात यायचं, इथे काढण्यासारखं आहे काय?

हे लिहिते आहे ते अशाच जागी अडकलेल्यांसाठी. नोकरी, लग्न, शिक्षण, घरच्यांची बदली, कारण कुठलंही असो. मी जे केलं ते साधारण त्याच क्रमाने सांगते. नावं भुसावळची येतील, पण जालना, चंद्रपूर, इचलकरंजी, भिवंडी, कुठेही हे करून बघता येईल.

आधी जुने फोटो बाहेर काढा

सुरुवात नव्या गावापासून करू नका. आजवरचे तुमचे सगळ्यांत आवडते वीस फोटो निवडा. लोकांना आवडलेले नकोत, तुम्ही स्वतः पुन्हा पुन्हा उघडून पाहता ते. एका कागदावर चार रकाने आखा: विषय काय, उजेड कसा, रंग कोणते, आणि तुम्ही विषयापासून किती अंतरावर उभे होता. प्रत्येक फोटोसाठी चारही रकाने भरा. तासाभराचं काम आहे, पण ते मन लावून करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

माझ्या वीस फोटोंत समुद्र होता फक्त तिनांत. चौदा फोटो मऊ, पसरलेल्या उजेडातले होते: ढगाखालचा, आंब्याच्या दाट सावलीतला, पडवीत आत झिरपलेला. आणि बारा फोटो दोन-तीन हातांच्या अंतरावरून काढलेले होते. चार महिने मी समुद्रासाठी हळहळत होते, आणि माझे फोटो होते पडवीतल्या उजेडाचे.

त्या रात्री माझा प्रश्न बदलला. भुसावळात समुद्र येणार नव्हता, पण मऊ उजेड इथे कुठे आणि किती वाजता मिळतो, हे शोधता येण्यासारखं होतं. तुमच्या रकान्यांतून वेगळं काही निघेल. कुणाला कळेल की त्याच्या फोटोंत डोंगरापेक्षा रिकामी जागा जास्त आहे, कुणाला कळेल की आपण नेहमी पाठमोरी माणसं टिपतो. जे निघेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पंधरा दिवस कॅमेऱ्याविना

घरापासून एक किलोमीटरच्या आतला एक फेरा ठरवा, पाऊण तासात पायी पुरा होईल एवढा. तोच फेरा पंधरा दिवस वेगवेगळ्या चार वेळांना करा: पहाटे, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री नऊनंतर. कॅमेरा नाही, फोनही खिशातच. दर फेरीला वहीत तीन ओळी लिहायच्या. ‘छान’, ‘वेगळं’ असे शब्द चालणार नाहीत. वेळ, वस्तू आणि उजेड कुठून येतो, एवढंच.

माझ्या वहीतल्या काही ओळी:

सकाळी ६.१०. दुधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर. आत पिवळा बल्ब, बाहेर सगळं निळं.

दुपारी १२.४०. रसवंतीची निळी ताडपत्री. खाली बसलेल्यांचे चेहरे, शर्ट, ग्लास, सगळं निळसर.

संध्याकाळी ७.४५. नाहाटा चौफुलीजवळ शेवभाजीच्या कढईची वाफ. मागून ट्रकचे दिवे आले की वाफ पेटल्यासारखी दिसते.

कॅमेरा बरोबर का न्यायचा नाही? कारण तो गळ्यात असला की हात जुन्या सवयीचं चित्र शोधतो, ते मिळालं नाही की चिडतो आणि पाय घराकडे वळतात. वहीला असा हट्ट नसतो. पंधरा दिवसांनी माझ्याकडे शंभराच्या वर ओळी होत्या. त्यांतल्या अकरा ओळींखाली मी रेघ मारली, आणि तीच कामाची पहिली यादी झाली. तुमची यादी पाचाची असली तरी पुरे.

सूर्याचं वेळापत्रक बनवा

या पायरीवर मी तुम्हाला जरा थांबवणार आहे. नव्या गावाबद्दल माझा राग सगळ्यांत जास्त इथे ओसरला. गाव कितीही रुक्ष असो, त्याच्यावर पडणारा उजेड त्याचा स्वतःचा असतो आणि तो वर्षभर हलत असतो.

भुसावळ साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. विजेचा खांब, सायकलचं हँडल, हातगाडीचा दांडा, सगळ्यांच्या सावल्या काही मिनिटं त्यांच्याच बुंध्यात जाऊन बसतात. घड्याळात हे बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमाराला होतं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि भुसावळ ७६ अंशांच्या जवळ आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पाऊण नाही, पण जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो. जुलैत ढग असतात, म्हणून मेची संधी सोडू नका. रत्नागिरीत ही वेळ मेच्या पूर्वार्धात येते. तुमच्या गावाचा अक्षांश जेवढा दक्षिणेला, तेवढी पहिली तारीख अलीकडे आणि दुसरी पलीकडे.

त्या दोन तारखांच्या मधले दिवस आणखी मोलाचे. तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. एरवी भर दुपारी कायम सावलीत राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींना तेवढे दिवस वरून निसटतं ऊन चाटून जातं. गिलाव्याचे पोपडे, विटांचे सांधे, बुजलेल्या रंगीत जाहिरातीची अक्षरं त्या उन्हात उठून येतात. जामनेर रोडवरच्या एका जुन्या भिंतीसमोरून मी महिनाभर रोज जात होते. जूनच्या एका दुपारी, पाऊस लांबलेला असताना, तिच्यावर कधीकाळी रंगवलेलं पंपाचं चित्र मला पहिल्यांदा दिसलं. आणि २२ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य इथे साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. कोवळा उजेड हवा म्हणून हिवाळ्यात पहाटे उठायचीच गरज नाही, अकरा वाजताही सावल्या लांब असतात.

तिसरी गोष्ट दिशेची. जूनमध्ये सूर्य ऐन पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. म्हणून एखाद्या गल्लीत सकाळचं ऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं ते वर्षातल्या ठरावीक दिवसांतच. नकाशावर तुमच्या फेऱ्यातल्या गल्ल्यांची दिशा पाहा. बरोबर पूर्व-पश्चिम असलेल्या गल्ल्यांची वेळ २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे येते. फोनमध्ये सूर्याची दिशा दाखवणारी ॲप असतात, ती वापरा. पण मी गच्चीवर एक काठी रोवलेली कुंडी ठेवली आणि दर रविवारी दुपारी साडेबाराला काठीच्या सावलीचं टोक खडूने मांडलं. पावसाने खडू धुऊन जातो, म्हणून मापं वहीतही घेतली. हातानं केलेलं लक्षात राहतं.

आता माझा मऊ उजेड. तो मला भुसावळात पाच ठिकाणी सापडला: सूर्य उगवायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं, पावसाळ्यातले ढगाळ दिवस, ताडपत्रीखाली, पत्र्याच्या उंच छपराखाली जिथे उजेड फक्त बाजूंनी आत येतो, आणि वावटळीनंतर हवेत तरंगणाऱ्या धुळीत. शेवटचा प्रकार कोकणात मी कधी पाहिला नव्हता. सगळं फिकट सोनेरी होतं आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. दहा मिनिटं मिळतात, त्यासाठी कॅमेरा तयार असावा लागतो.

कडक उन्हात काढायचं कसं

मऊ उजेडाची वाट पाहत बसलात तर मार्च ते जून हात रिकामे राहतील. ऊन कडक असताना ते कडकच दिसू द्या.

निरभ्र उन्हात मोजमाप सोपं असतं: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ८, शटर १/५०० सेकंद. इथून सुरुवात करा आणि पांढऱ्या कपड्याची वीण फोटोत दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर आणखी एक पायरी गडद करा. खानदेशात उन्हाळ्यात डोक्याला पांढरा रुमाल किंवा उपरणं गुंडाळलेली माणसं पावलोपावली असतात, तेव्हा तोच रुमाल तुमचा मापदंड. सावली काळीभोर झाली तर होऊ द्या. तिला आकार समजा, भिंतीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. फोनवर काढत असाल तर चौकटीतल्या सर्वांत उजळ जागी बोट दाबून धरा आणि मग उजेडाची खूण खाली ओढा.

दुपारी लांबची लेन्स टाळा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचा विषय पाण्यात पडल्यासारखा दिसतो, कितीही महागडी लेन्स असली तरी. ती थरथरच टिपायची असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जवळ जा, ३५ किंवा ५० मिमी पुष्कळ झाली.

कॅमेऱ्याची काळजी इथे कोकणाच्या उलट घ्यावी लागते. तिकडे आम्ही बुरशीला भिऊन डब्यात सिलिका जेल ठेवायचो. इथे वैरी धूळ आणि उष्णता. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात पारा त्याच्या पुष्कळ वर जातो. कॅमेरा स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. बॅग काळी असेल तर वरून पांढरा पंचा गुंडाळा. रस्त्यावर लेन्स बदलू नका. धूळ आधी ब्लोअरने उडवा, ओढणीने काच पुसली तर बारीक कण चरे पाडतात. आणि स्वतः पाणी प्या. साडेबारा ते चार बाहेर राहण्याचं धाडस करू नका, फोटोपेक्षा ऊन लागणं महागात पडतं.

बाहेर पडता येत नसेल तर खिडकी

त्या तासांसाठी एक सराव आहे. घरातली एकच खिडकी निवडा आणि तीस दिवस रोज तिचा किंवा तिच्यातून एक फोटो काढा. प्रागचे योसेफ सुडेक यांनी १९४० पासून, जर्मन ताब्यातल्या शहरात, आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि १९५४ पर्यंत ते काम चालू ठेवलं. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता, मोठा कॅमेरा एका हाताने सांभाळायचे. काचेवरचं दव, बाहेरचं एक वाकडं झाड, आत ठेवलेला ग्लास, एवढ्यावर चौदा वर्षं.

माझ्या खिडकीबाहेर दव नव्हतं, समोरच्या घराचा कूलर होता.

एकच वस्तू धरा आणि सोडू नका

पंधरा दिवस मी तो कूलर फोटोत येऊ नये म्हणून कोन बदलत होते. सोळाव्या दिवशी तोच काढला. लोखंडी अँगलचा स्टँड, हिरव्या रंगाचा पत्रा, जाळीमागे वाळ्याच्या ताट्या, खाली ठिबकणाऱ्या पाण्यावर आलेली चिमण्यांची जोडी. दुसऱ्या दिवशी फेऱ्यावर गेले तर कूलरच कूलर. एक विटांच्या चौथऱ्यावर, एक जुन्या टेबलावर, एकाला कुणी पत्र्याची छत्री करून दिलेली, एक घराच्याच रंगाने रंगवलेला. एकसारखे दोन सापडेनात. कोकणात पावसाळ्यासाठी घरं झापांनी शाकारतात, तसाच हा इथला उन्हाळ्याचा बंदोबस्त. भुसावळ स्वतःला कसं जगवतं, ते मला भिंतीबाहेर टांगलेलं दिसत होतं आणि मी चार महिने त्याच्या शेजारून गेले होते.

एका वस्तूची मालिका करायची तर बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचं काम जरूर पाहा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या अशा कुणी न पाहणाऱ्या बांधकामांचे फोटो काढले: समोरून, सरळ उभं राहून, ढगाळ उजेडात, सावली न पडू देता. मग नऊ, बारा, पंधरा फोटो ओळींत शेजारी शेजारी मांडले. शेजारी आले की फरक बोलू लागतात. त्यांच्याकडून मी नियम घेतले आणि माझ्या गावाला जुळवले.

विषय अमुक प्रकारचा हवा अशी अट घालू नका, फक्त तो तुमच्या फेऱ्यात किमान तीस वेळा तरी भेटायला हवा. दुकानांची कुलुपं, पाण्याचे ड्रम, घरांची दारं, शिलाई मशीनवर बसणारे कारागीर, गॅरेजबाहेर टांगलेले टायर. मग चार गोष्टी कायम करा. लेन्स एकच. उंची एकच, मी कूलरच्या मध्याच्या उंचीवर कॅमेरा धरते, त्यासाठी कधी घडीचं स्टूल लागतं. उजेड एकाच प्रकारचा, माझा पहाटेचा, भिंतीवर ऊन यायच्या आधीचा. आणि चौकटीत वस्तूभोवती सोडलेली जागा साधारण सारखी. हे नियम पहिल्या दहा फोटोंत बदलत राहतील, बदलू द्या. दहानंतर मात्र पक्के करा, नाहीतर मालिका जमत नाही.

बाराव्या कूलरच्या सुमाराला कंटाळा येईल. मला आला होता. तिथे थांबायचं नाही. माझ्या बाबतीत नोव्हेंबरात गोष्ट पालटली: कूलर बंद झाले आणि लोकांनी ते बांधून ठेवले. कुणी प्लास्टिकच्या कागदात, कुणी गोणपाटात, कुणी जुन्या साडीत. जांभळ्या काठाच्या फिकट साडीत गुंडाळलेला एक कूलर मी धुक्यातल्या सकाळी पाहिला आणि आपण इथे फोटो काढतो आहोत याचा मला पहिल्यांदा निखळ आनंद झाला.

माणसांकडे प्रिंट घेऊन परत जा

दुसऱ्याच्या घराच्या खिडकीवर कॅमेरा रोखायचा तर विचारलंच पाहिजे. दार वाजवा, आपण कोण, कुठे राहतो, काय करतो ते सांगा आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवा. नाही म्हणाले तर पुसून टाका, त्यांच्यादेखत. बायका घरात एकट्या असतील अशा वेळी पुरुष फोटोग्राफरने जाऊ नये, रविवारी सकाळी जावं. लहान मुलांचे फोटो आईबापांच्या होकाराशिवाय नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर दुरुस्त करणाऱ्या काकांचं पत्र्याचं दुकान आहे. पहिल्या आठवड्यात ते मला म्हणाले, “ताई, कूलरचा काय फोटो काढून राहिल्या? खराब झाला तं सांगा, मी पाहून देतो.” मी काढलेले सहा फोटो चार बाय सहा इंचांत छापून आणले आणि त्यांना दिले. त्यांनी चष्मा लावला, एकेक करून पाहिले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. “हा तं मीच बनवेल आहे. हे वेल्डिंग माझंच.” मग त्यांनी सांगितलं, कुठल्या गल्लीत लाकडी चौकटीचा जुना कूलर आहे, कुणाच्या वाड्यात एक भलामोठा आहे, कुणाकडे गेलात तर त्यांचं नाव सांगा. त्या दिवसापासून मला विषय शोधावे लागले नाहीत.

म्हणून ही पायरी टाळू नका. फोनवर पाठवलेला फोटो शंभर फोटोंत हरवतो, छापलेला देव्हाऱ्याशेजारी लागतो. महिन्याला वीस प्रिंटची तजवीज ठेवा. आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम पाहिलंत तर पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाण्याने काय घडतं ते समजेल. ते स्वतः अकोल्याचे, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

काय काढायचं नाही

भुसावळ म्हटलं की लोक रेल्वे काढायला धावतात. मुंबईहून येणारा मार्ग इथे फुटतो, एक फाटा तापी ओलांडून खांडवा-इटारसीकडे, दुसरा नागपूरकडे. गाड्यांना तोटा नाही. पण रुळांवर उतरून फोटो काढणं जिवावरचं आहे आणि गुन्हाही आहे: रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फलाटावर स्टँड लावून किंवा व्यावसायिक कामासाठी फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्या. सरावासाठी सार्वजनिक पूल आणि रस्ते पुरतात. यावल रोडच्या पुलाकडे संध्याकाळी जा आणि शटर १/३० ठेवून जाणाऱ्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवा. वीस फोटोंत एक साधेल.

ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीजकेंद्र, अशा ठिकाणांच्या आसपास कॅमेरा बॅगेतच. प्रतिबंधित जागांसाठी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे आणि तिथला पहारेकरी तुमचं छायाचित्रणाचं प्रेम ऐकून घेणार नाही. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कुठल्या रंगात येते ते पाहा.

शिवाराचा रस्ता

महिन्यातून एकदा फेरा मोडा आणि गावाबाहेर जा. तुमच्या गावाच्या पोटापाण्याचं जे काही असेल तिकडे. माझ्यासाठी ते रावेर-यावलकडचं केळीचं शिवार. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी गेले ती सहकारी बाई “चला, आमची बाग तं बघा” म्हणाल्या म्हणून. आत पाऊल टाकलं आणि थबकले. वर पानांचं छत, खाली ओली माती, गार हवा आणि हिरवा, झिरपलेला, सावकाश उजेड. चार महिने ज्याच्यासाठी तगमगले तो बसने तासाभराच्या अंतरावर होता.

केळीच्या बागेत एक अडचण येते. पानांतून गाळलेला उजेड माणसाच्या चेहऱ्यावर हिरवी झाक आणतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सोय, आपोआपवर ठेवू नका. त्याच सावलीत एक कोरा पांढरा कागद धरून त्यावरून जुळवा, किंवा मोठा पांढरा पुठ्ठा चेहऱ्याच्या बाजूला धरून बाहेरच्या मोकळ्या आकाशाचा उजेड परत फेका. आणि घड उतरवत असताना मजुरांच्या वाटेत येऊ नका. घड खांद्यावर असलेला माणूस तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

हिवाळ्यात भरीताच्या पार्टीचं बोलावणं आलं तर कॅमेरा नक्की न्या. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात, धूर जमिनीलगत रेंगाळतो. सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा, सूर्य एखाद्या माणसाच्या मागे लपवा, धुरातून किरणांचे पट्टे दिसतील. दोन-चार फोटो झाले की कॅमेरा खाली ठेवून वांगी सोलायला बसा.

दर रविवारी निवड

आठवड्याला छत्तीस फोटोंची मर्यादा घाला, पूर्वी रोलमध्ये असायचे तेवढेच. रविवारी त्यांतले तीन ठेवा. महिन्याच्या शेवटी ठेवलेले बारा स्वस्तात छापून फरशीवर मांडा आणि दोन दिवस तसेच राहू द्या, येता-जाता नजर पडू दे. जो फोटो दुसऱ्या दिवशी नजरेत भरत नाही तो उचला. संगणकाच्या पडद्यावर ही निवड नीट होत नाही, माझा अनुभव आहे.

आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहा: तारीख, वेळ, गल्ली, खिडकी कुठल्या दिशेची, कूलर कुणी बनवला. बॉलपेन वापरू नका, शाई पुढच्या प्रिंटवर उतरते. माझ्याकडे आज एकसष्ट कूलर आहेत. त्यांतले तीन गेल्या उन्हाळ्यात उतरले, त्यांच्या जागी एसीच्या पांढऱ्या पेट्या लागल्या. जांभळ्या काठाच्या साडीतला त्यांपैकीच एक. काकांना सांगितलं तर त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन दाखवलं: त्याचा हिरवा पत्रा तिथे उभा करून ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाच्या स्टँडसाठी. चौकट कुठे जाते ते मी विचारून ठेवलं आहे.